चौदा काड्यांची पत्रावळ

लाभार्थीचे नाव : सौ. भागीरथा मनोहरराव तिजारे. वय : आधार कार्डानुसार एकोणसाठ, माहेरच्या आठवणीनुसार एकसष्ट. राहणार : महाल, नागपूर. शिक्षण : सातवी, परीक्षा वगळून. वर्गवारी : सूक्ष्म उद्योजक, महिला, संभाव्य हरित निर्यातदार. उत्पादन : एकदा वापरून टाकावयाचे, वनस्पतिजन्य, जैवविघटनशील भोजनपात्र. उत्पादनाचे स्थानिक नाव : पत्रावळ. यंत्रसामग्री : निरंक. विजेचा वापर : निरंक. पर्यावरणविषयक धोरण : आढळून आले नाही. शेरा : लाभार्थी सहकार्यशील असून प्रश्नांची उत्तरे प्रश्नांनी देतात.

हा मजकूर ज्या फायलीत आहे ती सीताबर्डीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, हरित निर्यात प्रोत्साहन कक्षात, हिरव्या रंगाच्या कपाटात ठेवलेली आहे. कपाट पूर्वी करडं होतं. कक्ष सुरू झाल्यावर ते रंगवलं, आणि कक्षाचं पहिलं वर्ष बहुतांशी त्यातच गेलं.

धोरण का आढळलं नाही, याचा खुलासा मात्र फायलीत नाही. तो असा. अर्ज भरायला भागीरथाबाईंची लेक काजल बसली होती. काजल बी. कॉम. आहे, एका विमा एजंटाच्या ऑफिसात कामाला जाते, आणि कुठलाही रकाना रिकामा सोडायचा नाही हे तिथे शिकली आहे.

"आई, तुझं पर्यावरण धोरण काय लिहू?"

"थे काय असते?"

"म्हंजे, कचरा कमी व्हावा म्हणून तू काय करते?"

"कोनता कचरा?"

"अवं, तुझ्या कामातून जो निघते तो."

"पानाचा चुरा चुलीले जाते. देठं गल्लीतली गाय खाते. काड्या पुन्हा कामी येते. कचरा कोनता?"

काजलने पेनाचं टोपण लावलं. आयुष्यभर कचरा न केलेल्या बाईला तो कमी करण्याचं धोरण कुठून असणार? रकाना रिकामा गेला. पुढे कक्षाने तो आपल्या पद्धतीने भरला.

भागीरथाबाईंचं माहेर मौद्याच्या पुढे, आत सात-आठ किलोमीटरवर. गावाभोवती धानाची शेतं आणि शेतांच्या बांधांवर पळस. होळी झाली की पळसाला नवी पानं फुटतात. ती रुंद आणि लवचिक झाली की बाया तोडायला निघतात, आणि मे संपेपर्यंत घराघरांत पानांच्या चळती सुकत पडतात. पान पानावर ठेवायचं, बांबूच्या बारीक काडीने टाचायचं, फिरवायचं, पुन्हा टाचायचं. इतर घरी एका पत्रावळीला नऊ काड्या लागत. भागीरथाबाईंच्या आईच्या पत्रावळीला चौदा. वरण गळलं तर ती पत्रावळ नाही, चाळणी, असं त्या माउलीचं मत होतं आणि ते तिने लेकीच्या बोटांत उतरवलं. सातव्या वर्षी भागीरथाबाई चौदा काड्यांची पत्रावळ टाचू लागल्या. आज त्या टाचताना काड्या मोजत नाहीत. पण तुम्ही मोजल्या तर चौदाच भरतील.

लग्न होऊन त्या महालात आल्या. मनोहररावांचं गल्लीच्या तोंडाशी छोटं दुकान होतं. कागदी पुडे, सुतळी, द्रोण आणि पत्रावळी. त्या काळी महालात एखाद्या घरी कार्य निघालं की निमंत्रणपत्रिकेआधी दुकानात पत्रावळींची संख्या येई, त्यामुळे कोणाचं लग्न ठरलं हे मनोहररावांना मुलीच्या मामाआधी कळायचं. माल माहेराहून यायचा. वेळ मिळेल तेव्हा भागीरथाबाई स्वतःही टाचत.

मग थर्माकोल आला.

मनोहरराव काळाबरोबर चालणारे गृहस्थ. त्यांनी दुकानाच्या डाव्या अर्ध्या भागात थर्माकोलच्या ताटल्या लावल्या. भागीरथाबाईंनी उजवा अर्धा सोडला नाही. बारा वर्षं एकाच दुकानात, एकाच पंख्याखाली, नवरा थर्माकोल आणि बायको पत्रावळ विकत होती. गिऱ्हाईक आलं की दोघं एकदमच "या" म्हणायचे.

"तुह्या मालाचं काय वं," मनोहरराव म्हणायचे, "एक जेवन झालं की खतम. माहा माल पाह्य. वापरून तीन वर्षं झाले तरी नाल्यात जशाचा तसा!"

हे ते अभिमानाने सांगत. पुढे याच गुणावरून थर्माकोलवर बंदी आली. एका सकाळी डावा अर्धा भाग रिकामा झाला. दुपारी भागीरथाबाईंनी आपल्या पत्रावळी थोड्या डावीकडे सरकवल्या. संसारात विजयसभा इतक्याच घेता येतात.

काजलने आईला कक्षाच्या प्रशिक्षणाला नेलं ते गेल्या वर्षी. सीताबर्डीतल्या हॉटेलचा हॉल, खूप थंड. पडद्यावर पृथ्वीचं चित्र, तिला घाम आलेला. श्रीमंत देशांत आता गरीब देशांतल्या निसर्गस्नेही मालाला मागणी आहे, असं वक्ते सांगत होते. काथ्या, ताग, बांबू, झाडाची पानं. जे विकायला आपल्याला लाज वाटते ते घ्यायला तिकडे रांग लागते, असा एकूण आशय. फक्त माल शाश्वत हवा.

"शाश्वत म्हंजे काय जी?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"टिकाऊ, मावशी."

"आमचा माल तं टिकतच नाई."

वक्त्यांनी पुढची स्लाइड लावली.

तरीही कक्षाने भागीरथाबाईंची निवड केली, कारण निवडीसाठी आलेल्या सव्वीस जणांत स्वतःच्या हाताने काही तयार करणाऱ्या त्या एकट्या होत्या. उरलेले सल्लागार होते. मग एका दुपारी लॅपटॉपवर जर्मनीतल्या एका बाई दिसल्या. त्या उघड्या मैदानांवरच्या जत्रांना आणि गाण्याच्या जलशांना जेवणाची भांडीकुंडी पुरवतात. त्यांनी पत्रावळ उलटसुलट पाहिली, तीत पाणी ओतलं आणि थांबल्या. पाणी गळेना. बाई हसल्या. पन्नास हजार पत्रावळी हव्यात, म्हणाल्या. यंत्राने दाबलेल्या नकोत, ह्याच, अशाच. सप्टेंबरच्या मध्यावर निघाल्या पाहिजेत. अट एकच: माल खरंच मातीत मिसळतो याचा पुरावा.

पुराव्याची पद्धत कक्षाने लिहून दिली. प्रत्यक्ष जेवणासाठी वापरलेल्या वीस पत्रावळी खड्ड्यात पुरायच्या, खड्डा झाकलेला ठेवायचा, दर सोमवारी फोटो पाठवायचा. सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात अधिकारी येऊन अवशेष तपासणार. सुरुवात जूनच्या दुसऱ्या सोमवारी.

भागीरथाबाईंनी माहेरी जाऊन भावजयीला गाठलं. देवकी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हाताने चलाख, तोंडाने त्याहून. गावातल्या पत्रावळीवाल्या बाया तिच्या शब्दावर उठतात-बसतात.

"पन्नास हजार?" देवकी म्हणाली. "ताई, जर्मनीत लगन हाय का कोनाचं?"

"बारा बाया लागतीन. जुलैभर."

देवकीचं हसू कमी झालं. जुलै म्हणजे रोवणी. धानाची रोपं लावायचे ते वीस-पंचवीस दिवस. वर्षातली सगळ्यात खात्रीची मजुरी तीच. एकदा नाही म्हटलं की शेतवाला दुसऱ्या गावच्या बाया आणतो.

"रोवनी सोडाची म्हंता?"

"हाव."

"आन् तुमच्या जर्मनवालीनं नाई म्हटलं तं?"

"तं मी हाय."

या तीन शब्दांवर बारा बायांनी रोवणी सोडली. कक्षाच्या भाषेत याला ‘मूल्यसाखळीतील घटकांचा विश्वास संपादन करणे’ असं म्हणतात, आणि त्यासाठी अडीच दिवसांची कार्यशाळा असते.

वापरलेल्या वीस पत्रावळी हव्या, म्हणून देवकीने वीस माणसं जेवायला बोलावली. वरण-भात, वांग्याची भाजी, वर शिरा. कशाचं जेवण, असं ज्याने त्याने विचारलं. देवकीने सगळ्यांना खरं तेच सांगितलं: खड्ड्याचं. लोक जेवून गेले. भागीरथाबाई, काजल आणि देवकीने उष्ट्या पत्रावळी गोठ्यामागच्या खड्ड्यात नीट पसरल्या, माती लोटली, वर पोतं टाकलं, आणि काजलने पहिला फोटो काढला. मागे क्षितिजावर वीज केंद्राची धुरांडी आली. हरित फोटोत धुरांडी बरी दिसत नाहीत, म्हणून काजलने फोटो कापला. पुढचे फोटो देवकीने काढायचे असं ठरलं आणि मायलेकी मौद्याहून नागपूरची बस धरून परत आल्या.

दर सोमवारी फोटो येत राहिला. पोतं, पोत्याच्या कडेने माती, मागे धुरांडी. सहा आठवड्यांत सहा फोटो जमले. काजलने ते कापून कक्षाला पाठवले. कक्षाने ‘प्रगती समाधानकारक’ असं कळवलं. झाकलेल्या खड्ड्याचा फोटो मागितला होता, झाकलेल्या खड्ड्याचा फोटो आला. यात कोणाचीच चूक नव्हती, त्यामुळे कोणाच्या लक्षातही काही आलं नाही.

तिकडे देवकीच्या ओसरीवर चळती वाढत होत्या. जुलै संपता संपता चाळीस हजार पत्रावळी टाचून झाल्या. समोरच्या शेतांत दुसऱ्या गावच्या बाया वाकून रोवणी करत होत्या. ओसरीवरच्या बाया ताठ बसून पत्रावळी टाचत होत्या आणि त्यांना हाका मारून चिडवत होत्या.

सहाव्या आठवड्याच्या सोमवारी कक्षाचे क्षेत्रीय अधिकारी प्रशिक गजभिये आले. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, सरळ, अभ्यासू तरुण. माती तपासायचं शिक्षण घेतलेला आणि नोकरीत आल्यापासून फक्त कागद तपासत असलेला. खरा खड्डा समोर दिसल्यावर त्याला मनापासून आनंद झाला. त्याने हातमोजे घातले, खुरपी घेतली आणि पोतं बाजूला केलं. भागीरथाबाई, मनोहरराव, देवकी आणि ओसरीवरून उठून आलेल्या सगळ्या बाया खड्ड्याभोवती उभ्या राहिल्या. गोठ्यातून बिजली नावाची म्हैस मान लांबवून पाहत होती.

प्रशिकने वरची माती काढली. मग खालची. मग खड्ड्याचा तळ लागला.

काहीच नव्हतं. पानाचा तुकडा नाही, शीर नाही, भाताचं शीत नाही. त्याने चारही कोपरे उकरले. मग उभा राहून त्याने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि त्याचा चेहरा उजळला.

"काकू, अभिनंदन! सहा आठवड्यांत शंभर टक्के विघटन! मी तर चाळीसच्या आसपास धरून आलो होतो. असा निकाल मी पाहिलेला नाही."

"शंभर टक्के!" मनोहररावांनी बायांकडे वळून सांगितलं, जणू पेपर त्यांनीच लिहिला होता. त्यांच्या तोंडात दात कोरायची काडी होती, ती त्यांनी दुसऱ्या बाजूला घेतली. "मंग साहेब, बाराव्या हप्त्याची गरजच नाई ना आता?"

"नियमाप्रमाणे नाही. अवशेष शून्य, म्हणजे चाचणी इथेच पूर्ण. आजच लिहून टाकतो."

त्याने पेन काढलं. बायांमध्ये कुजबुज झाली, कोणीतरी हसलं. चाळीस हजार टाचून झाल्या होत्या, दहा उरल्या होत्या. रोवणी सोडल्याचं सार्थक अहवालाच्या त्या एका ओळीवर येऊन ठेपलं होतं.

भागीरथाबाई खड्ड्याच्या काठावर बसल्या. त्यांनी मुठीत माती घेतली, बोटांनी चाळली, खाली सोडली. पुन्हा घेतली.

"काड्या कुठं हायेत?" त्या म्हणाल्या.

"कोनत्या काड्या?" मनोहरराव.

"वीस पत्रावळी. दोनशे ऐंशी काड्या. एक नाई गवसून राहिली."

"सडल्या असतीन ना वं. साहेब म्हनून राहिले ना, शंभर टक्के!" हे म्हणताना मनोहररावांनी डोळ्यांनी जेवढं सांगता येतं तेवढं सगळं सांगितलं.

"बांबू हाय थो. पान सडंन, काडी कशी सडंन?"

"चूप बस ना जरा," मनोहरराव दातांतल्या काडीआडून पुटपुटले. "काहून आपल्याच पायावर..."

"सहा हप्त्यात सडनारी काडी म्या जन्मात टाचली नाई," भागीरथाबाई मोठ्याने म्हणाल्या. "साहेब, थांबा. असं लिहू नोका. थ्या जर्मनवालीनं उद्या आपल्या घरी पुरून पाह्यलं आन् तिले चौदा काड्या गवसल्या, तं थे म्हनंन का मले दाखवला एक माल आन् पाठवला दुसरा."

प्रशिकचं पेन कागदाला टेकून थांबलं. भागीरथाबाईंनी मान वर करून भावजयीकडे पाहिलं. देवकी पदराच्या टोकाशी खेळत होती, आणि देवकी पदराशी खेळणारी बाई नव्हती.

"देवके."

"काय ताई."

"पत्रावळी कुठं गेल्या वं?"

देवकीने गोठ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच गोठ्याकडे पाहिलं. बिजलीने मान आत घेतली.

"आता उष्ट्या पत्रावळी जनावराले घालाच्या, हे लेकराले बी समजते," देवकी म्हणाली. आवाजात माफी कमी आणि तक्रार जास्त होती. "वरन-भात लागल्या पत्रावळी तुम्ही मातीत पुरल्या. मले वाटलं, फोटोसाठी पुरल्या. फोटो झाला. तुम्ही बसकडे गेल्या, मी काढल्या. बिजली गाभन हाय, तिच्यासमोर अन्न मातीत घालू का मी?"

"आन् सहा हप्ते फोटो कायचा काढून राहिली होती?"

"खड्ड्याचा. काजलनं म्हटलं, दर सोमवारी खड्ड्याचा फोटो काढजो. काढला. पत्रावळीचा काढ म्हटलं असतं, तं सांगितलं असतं ना मी!"

प्रशिकने कागद चाळून पाहिला; लेखी सूचना देवकीच्याच बाजूची निघाली.

"पण मग काड्या?" त्याने विचारलं. "म्हशीने काड्यांसकट खाल्ल्या?"

देवकीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्या दृष्टीत त्याचं सगळं शिक्षण मोजलं गेलं. "साहेब, काड्या काढल्याबिगर कोनी जनावराले पत्रावळ घालते का? जिभेले टोचंन ना." ती आत गेली आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात धुऊन, पुसून, रबर लावून ठेवलेल्या काड्या होत्या. "चांगल्या काड्या कोनी फेकते का? दुसऱ्यांदा कामी येते."

प्रशिक ओट्यावर बसून मोजू लागला. हे काम त्याच्या कर्तव्यसूचीत नव्हतं, पण पुरावा म्हणून आता तेवढंच उरलं होतं. दोनशे एकाहत्तर भरल्या.

"नऊ कमी आहेत," तो म्हणाला.

"काढताना मोडल्या काही. आठ असतीन. चुलीत गेल्या."

"आणि एक?"

सगळ्यांच्या नजरा हळूहळू मनोहररावांवर स्थिरावल्या. त्यांनी तोंडातून काडी काढली, तिच्याकडे पाहिलं, सदऱ्याला पुसली आणि डब्यात टाकली. बारा बाया पदर तोंडाला लावून हसल्या. प्रशिकने दोनशे बाहत्तर असा आकडा दुरुस्त केला.

हसू ओसरल्यावर मात्र ओसरीवरच्या चळती तशाच होत्या. प्रशिकने खरं ते सांगितलं. चाचणी बाद. नवी चाचणी आजपासून बारा आठवडे, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर. सप्टेंबरची तारीख हुकली. जर्मनीच्या बाई थांबतील की नाही, हे त्याला सांगता येणार नव्हतं. बायांपैकी एकीने समोरच्या शेताकडे पाहिलं. तिथे रोवणी संपत आली होती आणि हिरव्या ओळींवरून वारा जात होता.

"ताई," देवकी पहिल्यांदाच हळू बोलली, "आता?"

"आता मी हाय म्हटलं होतं ना," भागीरथाबाई उठल्या. "थ्या बांध सगळ्या. टेम्पो सांग."

टेम्पोत मनोहरराव पुढे बसले. मौदा मागे पडला. मग म्हणाले, "खरं बोलाले बी टायमिंग पाहा लागते."

"तुमच्या थर्माकोलचं पाह्यलं तुम्ही टायमिंग," भागीरथाबाई म्हणाल्या.

पारडीच्या पुलावर मनोहररावांनी एकदम मान वर केली. "महालक्ष्म्या कवा हायेत यंदा?"

नागपुरात महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, बसतात त्या घरी त्या दिवशी पन्नास-शंभर पान सहज उठतं. काही घरी पंगत संध्याकाळपर्यंत चालते आणि वाढणारे बदलत राहतात. मनोहररावांनी बारा वर्षं थर्माकोल विकला, तेव्हा महाल, इतवारी, गांधीबाग इथला प्रत्येक दुकानदार आणि प्रत्येक आचारी त्यांना नावाने ओळखत होता. त्या ओळखी बंदीत जप्त झाल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून मनोहरराव स्कूटरवर नमुने बांधून निघाले. प्रत्येक दुकानात ते पत्रावळीत पाणी ओतत, दोन मिनिटं इकडच्यातिकडच्या गप्पा मारत आणि मग पत्रावळीखाली हात फिरवून कोरडा तळवा दाखवत.

"एक्स्पोर्टचा माल हाय," ते सांगत. "जर्मनीले चालला होता. म्या म्हटलं, पहिले आपल्या लोकाईले."

ते खोटं बोलत नव्हते. फक्त वाक्यांचा क्रम त्यांनी निवडलेला होता. महालक्ष्म्यांच्या तीन दिवस आधी दुकानात आणि घरात मिळून एकही पत्रावळ उरली नाही. बारा बायांच्या हातात रोवणीइतकं आलं, वर थोडं जास्त. देवकीने निरोप पाठवला : भाऊजींना सांगा, दात कोरायला काड्या पाठवते, शेकडा.

दरम्यान प्रशिकने अहवाल लिहिला होता. तो लिहिताना त्याची अडचण झाली, कारण छापील नमुन्यात तीनच पर्याय होते : विघटन पूर्ण, विघटन अंशतः, विघटन नाही. त्याने हाताने चौथी ओळ आखली आणि लिहिलं की नमुना पत्रावळी स्थानिक प्रथेनुसार एका गाभण म्हशीने चाचणीच्या पहिल्याच दिवशी सेवन केल्या असून टाचणकाड्या तत्पूर्वी हाताने काढून पुनर्वापरासाठी जतन करण्यात आल्या आहेत, दोनशे बाहत्तर नग प्रत्यक्ष मोजले. त्याच्या वरिष्ठांनी ते वाचून चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि मजकूर तसाच पुढे जाऊ दिला. त्यांना माहेर नसलं तरी आजोळ होतं, उमरेडकडच्या खेड्यातलं.

जर्मनीहून नऊ दिवसांनी उत्तर आलं. काजलने ते दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. बाईंनी तीन गोष्टी विचारल्या होत्या. म्हैस ठीक आहे ना? काड्या काढायला किती वेळ लागतो? आणि काड्या कशा काढायच्या, हे सांगणारी चिठ्ठी प्रत्येक गठ्ठ्यात घालता येईल का, कारण त्यांच्याकडेही जत्रेच्या मैदानांशेजारी शेतकरी असतात आणि त्यांच्याकडे जनावरं असतात? शेवटी लिहिलं होतं की त्या दुसऱ्या चाचणीसाठी थांबतील. पन्नास हजार आता नकोत, मोसम संपेल. वीस हजार घेईन, पण त्याच चौदा काड्यांच्या.

"वीसच?" मनोहरराव म्हणाले.

"पुरे झाले," भागीरथाबाई म्हणाल्या. "तीस महालाले लागतेत."

दुसरी चाचणी त्याच खड्ड्यात झाली. पोत्याच्या जागी फरशी आली, फरशीवर दगड आले, आणि बिजलीला तिच्या मनाविरुद्ध अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बांधण्यात आलं. दर सोमवारी देवकी फरशी काढून पत्रावळींचा फोटो पाठवी. काजल आता फोटो कापत नव्हती, धुरांड्यांसकट पाठवत होती. ‘खरं तेच दिसू दे’ हे तिचं म्हणणं होतं, खरं कारण कंटाळा. मधेच एका सोमवारी फोटोत खड्ड्याऐवजी नुकतंच जन्मलेलं रेडकू आलं. कक्षाने त्यावरही ‘प्रगती समाधानकारक’ कळवलं.

बाराव्या आठवड्यात प्रशिक आला. पानांची माती झाली होती, काळी, भुसभुशीत. तीत काड्या उभ्याआडव्या पडल्या होत्या, सगळ्या, शाबूत. भागीरथाबाईंनी एक उचलली, वाकवून पाहिली. मोडली नाही.

"पाहा," त्या म्हणाल्या.

प्रशिकने छापील नमुन्यातल्या ‘अंशतः’ वर खूण केली आणि त्यापुढे ‘पाने : पूर्ण’ असं लिहिलं. ते जर्मनीत चाललं. गठ्ठ्यात घालायच्या चिठ्ठीसाठी काजलने काडी काढणाऱ्या हाताचा फोटो काढला. हात देवकीचा. नव्याने टाचलेल्या वीस हजार पत्रावळींबरोबर तो हात समुद्रापलीकडे गेला, आणि देवकीची तक्रार आजही कायम आहे की आधी सांगितलं असतं तर हिरव्या बांगड्या भरल्या असत्या.

भागीरथाबाई अजून उजव्या बाजूलाच बसतात. डावीकडे मनोहरराव बसतात, समोर पत्रावळीच. गिऱ्हाईक आलं की दोघं अजूनही एकदमच "या" म्हणतात.

प्रमाणपत्र दुकानात लावलेलं आहे. त्यावर इंग्रजीत आणि मराठीत असं लिहिलं आहे : सौ. भागीरथा मनोहरराव तिजारे, प्रमाणित हरित निर्यातदार. उत्पादन, वनस्पतिजन्य जैवविघटनशील भोजनपात्र. नियंत्रित परिस्थितीत विघटनाचा कालावधी, चौऱ्याऐंशी दिवस.

बिजलीला चार मिनिटं लागतात.